टाळूवरचं लोणी

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं हा मराठीतला फार कडवट वाक्प्रचार आहे. पूरग्रस्तांच्या मदतीत हात मारणाऱ्या पुढाऱ्याला आपण तो लावतो, ओळखीतला माणूस गेल्यावर दहाव्याच्या आधीच जमिनीचा सातबारा काढणाऱ्या नातेवाइकाला लावतो. गाणी बनवणाऱ्या माणसाला तो लावता येईल का? ज्याने कुणाचा पैसा घेतला नाही, कुणाला इजा केली नाही, फक्त भाड्याने एक घर घेतलं आणि तिथे बसून एक अल्बम बनवला, त्याला?

अल्बमचं नाव 'द डाउनवर्ड स्पायरल'. बँडचं नाव नाइन इंच नेल्स. बँड म्हणायचं ते नावापुरतंच, कारण स्टुडिओत सगळं एकाच माणसाभोवती फिरायचं. त्याचं नाव ट्रेंट रेझ्नर. आणि ते घर म्हणजे लॉस एंजेलिसच्या बेनेडिक्ट कॅन्यनमधलं, टेकडीवरचं, १००५० सिएलो ड्राइव्ह.

घर

८ ऑगस्ट १९६९च्या मध्यरात्रीनंतर त्या घरात पाच खून झाले. शॅरन टेट ही २६ वर्षांची अभिनेत्री, साडेआठ महिन्यांची गरोदर. तिचे मित्र जे सेब्रिंग, अ‍ॅबिगेल फोल्जर आणि वोयचेख फ्रायकोव्स्की. आणि स्टीव्हन पॅरेंट नावाचा १८ वर्षांचा मुलगा. मारणारे चार्ल्स मॅन्सनच्या टोळीतले होते. जाताना त्यांच्यातल्या एकीने शॅरनच्या रक्ताने पुढच्या दारावर एक शब्द लिहिला: पिग. डुक्कर.

त्या घराचा संगीताशी संबंध आधीपासूनच होता. खुनांच्या काही महिने आधीपर्यंत तिथे टेरी मेल्चर हा रेकॉर्ड प्रोड्यूसर राहायचा. मॅन्सनला गायक व्हायचं होतं आणि मेल्चरकडून त्याला रेकॉर्डचा करार हवा होता. तो मिळाला नाही.

आपल्याकडे म्हणतात, वास्तू तथास्तु म्हणत असते. म्हणजे घरात वाईटसाईट बोलू नये, भिंती ऐकतात. पण या घराचा मालक खुनांनंतर काही आठवड्यांतच तिथे राहायला परत गेला आणि पुढे जवळजवळ २० वर्षं तिथे राहिला. त्याला कुणी नावं ठेवली नाहीत, ठेवायचं कारणही नव्हतं. जगातल्या कुठल्याही जुन्या शहरात माणसं मेलेल्यांच्या घरांतच राहतात. ज्या घरात आजी गेली, त्याच घरात नातवाचं बारसं होतं. त्यामुळे 'तिथे राहिलाच कसा?' हा प्रश्न मला पटत नाही. त्या घरात राहण्यात पाप नाही.

रेझ्नर तिथे १९९२ साली आला. आपण बरीच घरं पाहिली आणि त्यांतलं हे आवडलं, असं त्याने सांगितलं आहे. तेव्हा तो २७ वर्षांचा होता, म्हणजे साधारण आज माझं आहे त्या वयाचा. घरात त्याने स्टुडिओ थाटला आणि त्या स्टुडिओला नाव दिलं, 'ल पिग'.

माझं सगळं भांडण या नावाशी आहे.

आवाज

आधी अल्बमबद्दल बोलू, कारण तो वाईट असता तर हा लेख लिहायची गरजच नव्हती.

इंडस्ट्रियल म्हणजे कारखान्याच्या आवाजाचं संगीत. ढोल हातोड्यासारखा पडतो, गिटार गिटारसारखी वाजत नाही, आणि माणसाचा आवाज यंत्रात अडकल्यासारखा येतो. 'द डाउनवर्ड स्पायरल' सुरू होतो तोच मारहाणीच्या आवाजाने. जॉर्ज लुकासच्या १९७१ सालच्या 'टीएचएक्स ११३८' या सिनेमातून तो उचललेला आहे: एक पहारेकरी कैद्याला बडवतो आहे, फटके एकामागून एक, वेग वाढत जातो, आणि अचानक त्याचंच गाणं होतं. सगळ्यात गाजलेलं 'क्लोजर' हे गाणं ज्या ठोक्यावर उभं आहे, तो ठोका इगी पॉपच्या 'नाइटक्लबिंग'मधून घेतलेला आहे. पण तो इतका बदललाय, की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. गिटारचे सूर कॉम्प्युटरमध्ये घालून पार मोडूनतोडून टाकलेले आहेत. 'मार्च ऑफ द पिग्ज' मोजून बघा: सात, सात, सात आणि मग आठ. पाय ताल धरू बघतो आणि दरवेळी त्या शेवटच्या एका मात्रेवर अडखळतो. मोजणीच्या कामात ज्याचा दिवस जातो, त्याला यात वेगळीच मजा येते.

अल्बममध्ये गोष्ट एकाच माणसाची आहे. तो एकेक गोष्ट स्वतःपासून सोलून काढतो. श्रद्धा, शरीर, नाती, सगळं. शेवटी उरतो तो त्याचा त्याला नकोसा झालेला जीव. आणि इतक्या गोंगाटानंतर अगदी शेवटी 'हर्ट' येतं, जवळजवळ पुटपुटलेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, की कारखाना बंद पडलाय आणि आत कुणीतरी माणूस राहून गेलाय.

अल्बम ८ मार्च १९९४ला आला आणि अमेरिकेच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. पुढे एकट्या अमेरिकेत ४० लाखांच्या वरचं प्रमाणपत्र त्याला मिळालं. आणि त्यावरून लोकांचे दोन तट पडले.

दोन तट

१९९५ साली विल्यम बेनेट हे माजी शिक्षणमंत्री आणि सी. डेलोरेस टकर या नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्या एकत्र आले आणि त्यांनी टाइम वॉर्नर कंपनीविरुद्ध मोहीम उघडली. रोख मुख्यतः गँगस्टा रॅपवर होता, पण नाइन इंच नेल्सही त्या यादीत होता. म्हणणं असं, की ही गाणी पोरांना बिघडवतात, हिंसा आणि विकृती शिकवतात. त्याच वर्षी टाइम वॉर्नरने इंटरस्कोप या कंपनीतला आपला अर्धा हिस्सा विकून टाकला. रेझ्नरची रेकॉर्ड्स याच कंपनीतून यायची.

दुसरीकडे त्या अल्बमवर जीव टाकणारी पोरं होती. आपल्याला जे कुणाला सांगता येत नव्हतं ते हा माणूस ओरडून सांगतोय, आणि त्यामुळे एक तरी रात्र निभावली, असं सांगणारी. हेडफोन घालून खोलीचं दार लावणाऱ्या त्या पोरांचं म्हणणं मला समजतं. पुण्यातल्या हॉस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री असं संगीत ऐकणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यातून कुणी बिघडलं नाही. एकदोघं झोपली मात्र शांत.

पण या वादाकडे नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही बाजू एकाच प्रश्नावर भांडत होत्या: हा अल्बम ऐकणाऱ्याचं काय करतो? बिघडवतो की वाचवतो? तो बनवताना कुणाचं काय घेतलं गेलं, हा प्रश्न दोन्हीकडे नव्हता.

तो एका बाईने विचारला.

बहिणीचा प्रश्न

ही हकीकत रेझ्नरनेच १९९७ साली 'रोलिंग स्टोन'ला सांगितली. अल्बमचं काम चालू असताना, त्याच घरात राहत असताना, एकदा त्याची शॅरनच्या बहिणीशी गाठ पडली. तिने समोरासमोर विचारलं, की माझ्या बहिणीच्या घरात राहून तू तिच्या मरणाचा फायदा उठवतोयस का? आधी तो नाही म्हणाला. आपल्याला त्या घराबद्दल, तिथे घडून गेलेल्या गोष्टीबद्दल कुतूहल आहे, इतकंच. मग त्याच्या मनात आलं, ही माझी बहीण असती तर? त्या रात्री घरी जाऊन आपण रडलो, असं त्याने सांगितलं. या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे, हे त्याला तोवर सुचलंच नव्हतं.

शॅरनची आई डोरिस हिने १९८२ साली मॅन्सनच्या टोळीतल्या एकीला पॅरोल मिळू नये म्हणून साडेतीन लाख सह्या गोळा केल्या होत्या. पॅरोलच्या सुनावणीत मेलेल्याच्या घरच्यांनाही बोलू द्यावं, यासाठी ती कॅलिफोर्नियात झगडली, आणि पुढे मुलीच्या खुन्यासमोर बसून बोललीही. आमचं माणूस म्हणजे फक्त तुमच्या खटल्यातला पुरावा नाही, आमचंही काही म्हणणं आहे, एवढंच तिचं मागणं होतं. ती जुलै १९९२मध्ये गेली. ज्या वर्षी तिच्या मुलीच्या घरात 'ल पिग' सुरू झाला, त्याच वर्षी.

आता बचाव बघू. पहिला बचाव: हेतू वाईट नव्हता. मान्य. पण टाळूवरचं लोणी खाणारा प्रत्येकजण हेतू ठेवूनच खातो असं नाही. कित्येकदा ते समोर असतं म्हणून हात जातो.

दुसरा बचाव जास्त भक्कम आहे: कलाकृती मोठी झाली. बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६ साली 'मॉरल लक', म्हणजे नैतिक नशीब, या विषयावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने चित्रकार गोगँसारखा एक माणूस कल्पला आहे. चित्रं काढण्यासाठी तो बायकापोरांना टाकून दूर बेटावर जातो. चित्रं फसली असती तर तो नुसता बेजबाबदार नवरा ठरला असता. चित्रं महान ठरली, म्हणून त्याला स्वतःपुरतं तरी म्हणता येतं, की मी केलं ते व्यर्थ गेलं नाही. पण विल्यम्सचा खरा मुद्दा त्याच्या पुढे आहे. त्या यशाने बायकोची तक्रार मिटत नाही. जगाला चित्रं मिळाली याचा आनंद जगाने खुशाल मानावा. तिने तो मानलाच पाहिजे असं कुठे आहे?

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण नेहमी उलटं करतो. एखादं काम आवडलं, की त्या कामामुळे दुखावलेल्या माणसाची तक्रार आपल्याला क्षुल्लक वाटायला लागते. अल्बम उत्तम आहे हे उत्तर बरोबरच आहे, पण ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बहिणीने अल्बम कसा झालाय हे विचारलंच नव्हतं.

इथे कुणी म्हणेल, की मग काय नातेवाइकांच्या परवानगीशिवाय कुणी काही लिहायचंच नाही? इतिहास नाही, कादंबरी नाही, सिनेमा नाही? नाही, तसं नाही. तक्रार म्हणजे बंदी नव्हे. तक्रार करणाऱ्याला उत्तर मिळायला हवं, इतकंच. आणि उत्तर देता येतं की नाही, हे काम कसलं आहे यावर ठरतं.

काढून बघा

आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड आपल्या कामात वापरला तर दोन गोष्टी बघतात. एक, लायसन्स: कुणाचा आहे, वापरायला परवानगी आहे का, नाव द्यायचंय का. दुसरी, डिपेंडन्सी: हा भाग काढला तर आपलं सॉफ्टवेअर चालतं का? चालत असेल, तर तो भाग आत कशाला ठेवलाय?

गाण्यातल्या ठोक्याचं लायसन्स घेता येतं. मरणाचं घेता येत नाही, कारण ज्याच्याकडून घ्यायचं तोच उरलेला नसतो. त्यामुळे दुसरा प्रश्न जास्त काटेकोरपणे विचारायला हवा. 'द डाउनवर्ड स्पायरल'मधून ते घर काढून बघा. काय बिघडतं?

काहीच नाही. १४ गाण्यांत त्या रात्रीचा उल्लेख नाही. शॅरन नाही, बाकीचे चौघं नाहीत, मॅन्सनही नाही. गोष्ट रेझ्नरच्या स्वतःच्या अंधाराची आहे आणि तो त्याने कुणाकडून उसना आणलेला नव्हता. पुरावा हवा असेल तर तो २००२ साली मिळाला. जॉनी कॅश या ७० वर्षांच्या, आजाराने खंगलेल्या गायकाने 'हर्ट' गायलं. गिटार, पियानो आणि थरथरता आवाज. एक शब्द त्याने बदलला, शिवीच्या जागी काट्यांचा मुकुट आणला, आणि पोराचं गाणं म्हाताऱ्याचं झालं. त्याचा व्हिडिओ बघून आपलं गाणं आता आपलं उरलं नाही असं वाटल्याचं खुद्द रेझ्नरने सांगितलं. त्या गाण्याला ना सिएलो ड्राइव्हची गरज होती, ना त्या दाराची.

मग ते घर आलं कुठे? नावात, श्रेयनामावलीत आणि मुलाखतींत. म्हणजे कामात नाही, कामाच्या वेष्टनावर. घर १९९४ साली पाडलं गेलं, तेव्हा रेझ्नरने त्याचं पुढचं दार सोबत नेलं आणि न्यू ऑर्लिन्समधल्या आपल्या नव्या स्टुडिओला बसवलं. तो स्टुडिओही आधी अंत्यविधीचं दुकान होता.

हे प्रकरण फक्त रेझ्नरपुरतं नाही. इंडस्ट्रियल संगीत जन्मापासूनच या कड्यावर उभं आहे. हा शब्द ज्यांच्यामुळे रूढ झाला त्या लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलने १९७९ साली '२० जॅझ फंक ग्रेट्स' नावाचा अल्बम काढला. मुखपृष्ठावर चौघं हिरवळीवर, फुलांमध्ये, प्रसन्न हसत उभे आहेत. ती जागा म्हणजे बीची हेड, आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला समुद्रकडा. मलाही तो फोटो टोचतो. पण तिथे डाव वेगळा आहे. गोड चित्र बघून रेकॉर्ड घेणाऱ्याची ती फजिती आहे, सुंदर देखाव्याखाली काय दडलेलं असतं हे त्याला दाखवणारी. ती जागा काढली तर त्या चित्राला अर्थच उरत नाही. त्यांच्याकडे निदान उत्तर आहे. ते पटो न पटो.

दुसरं उदाहरण क्वेंटिन टॅरँटिनोचं. २०१९च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड'ला शॅरनची दुसरी बहीण डेब्रा हिचा आधी विरोध होता. टॅरँटिनोने तिची भेट घेतली, तिला पटकथा वाचायला दिली, आणि ती राजी झाली; शॅरनची भूमिका करणाऱ्या मार्गो रॉबीला तिने बहिणीचे दागिनेही घालायला दिले. सिनेमात शॅरन काय करते? गाडी चालवते, पुस्तक विकत घेते, थिएटरात बसून स्वतःचाच सिनेमा बघते आणि लोक हसले की खूश होते. म्हणजे तिचं मरण घेताना त्याने तिचं जगणंही घेतलं.

मला वाटतं, कसोटी इथे आहे. दुसऱ्याच्या मरणाला हात लावू नये असं नाही. हात लावताना काय उचललं आणि काय तिथेच टाकून दिलं, ते बघायचं. 'ल पिग' या नावाने त्या रात्रीतून नेमकी एकच गोष्ट उचलली: मारणाऱ्यांनी लिहिलेला शब्द. मेलेल्यांचं काहीच घेतलं नाही. पाच माणसं गेली आणि पाटी राहिली ती खुन्यांच्या हस्ताक्षरातली.

पैशाचा हिशेब निदान लावता येतो. १९९३ साली गन्स एन रोझेसने मॅन्सनचं एक गाणं आपल्या अल्बमच्या शेवटी गुपचूप घातलं. बोंबाबोंब झाली, आणि जुन्या न्यायालयीन निकालामुळे मॅन्सनच्या वाट्याचे पैसे फ्रायकोव्स्कीच्या मुलाकडे वळले. पण दरारा, थरार, काळोखी वलय यांची रॉयल्टी कुणी कुणाला द्यायची?

ऐकणाऱ्याचा वाटा

हा अल्बम ऐकू नये असं मी म्हणत नाही. मी तो ऐकतो, पुढेही ऐकेन. पण त्या अल्बमबद्दल मित्राला सांगताना पहिलं वाक्य कोणतं येतं? 'माहितीये का, हा कुठे रेकॉर्ड झालाय?' समोरच्याचे डोळे विस्फारतात. सांगणाऱ्याला बरं वाटतं. तालाच्या त्या आठव्या मात्रेबद्दल सांगून इतकं कुणी चकित होत नाही. आजकाल तर खुनांच्या गोष्टी पॉडकास्टमधून जेवताना ऐकल्या जातात. कुठे, कसं, किती वार, सगळं पाठ असतं. खुन्याचं नाव विचारा, लगेच सांगतील. मेलेल्यांची नावं विचारून बघा.

म्हणून त्या घरातल्या सगळ्यात कमी माहीत असलेल्या माणसाबद्दल सांगतो. स्टीव्हन पॅरेंट. तो शॅरनला ओळखतही नव्हता. नुकतीच शाळा संपवलेला, यंत्रांची आवड असलेला मुलगा. दोन नोकऱ्या करायचा, त्यांतली एक स्टिरिओच्या दुकानात. मागच्या छोट्या घरात राहणाऱ्या राखणदाराशी त्याची जुजबी ओळख होती. त्याला एक क्लॉक रेडिओ विकायला तो त्या रात्री आला होता. सौदा झाला नाही. परत निघाला, आणि फाटकाशी पोचायच्या आधी गाडीतच मारला गेला. पाचांतला पहिला.

पुढे त्या घरात वायरी, सिंथेसायझर, सॅम्प्लर, कॉम्प्युटर आले आणि त्या काळातला सर्वांत गाजलेला यांत्रिक आवाजाचा अल्बम तिथे तयार झाला. घरातल्या मृतांपैकी त्या सगळ्या सामानाशी कुणाचं खरं नातं असेल, तर ते रेडिओ घेऊन आलेल्या या पोराचं. स्टुडिओला नाव द्यायचंच होतं, तर हे सगळं तिथेच पडलेलं होतं. पण कुणाला ते उचलावंसं वाटलं नाही, कारण त्यात थरार नव्हता. एक क्लॉक रेडिओ होता, आणि १८ वर्षांचा एक मुलगा.